मधल्या वेळेतलं ‘चालू’

पक्कड विहिरीत पडल्याचा आवाज आधी आला आणि मोटर सुरू झाल्याचा मागून, असं अस्मिताला पुढं कितीतरी वेळ वाटत राहिलं. घडलं असणार उलटंच. सिद्रामप्पा विहिरीच्या काठावर मोटरीच्या मागं उकिडवे बसले होते. मागचं झाकण काढून पंख्याचं एक वाकडं झालेलं पातं पकडीनं सरळ करत होते, कारण ते दोन दिवसांपासून झाकणाला घासत होतं आणि त्या आवाजानं त्यांची दुपारची झोप गेली होती. तेवढ्यात शेळी ज्वारीत शिरली. पक्कड पात्यांत तशीच अडकवून ते अर्धे उठले, “हाऽड, हाऽड” म्हणाले, आणि मोटर एकदम घुमली. काहीतरी काळं त्यांच्या कानाजवळून गेलं, विहिरीच्या दगडावर ठण्णकन वाजलं आणि खाली पाण्यात गेलं. उघडा पंखा इतक्या वेगानं फिरायला लागला की तो दिसेनासाच झाला. नुसता वारा येत राहिला. अस्मिता दहा पावलांवर चहाचा पेला घेऊन उभी होती. तिनं काही दाबलं नव्हतं. दोन्ही फोन, तिचा आणि कंपनीचा, पिशवीत होते आणि पिशवी बाजेवर होती. पेला टाकून ती धावली, स्टार्टरचं लाल बटण दाबलं, आणि मोटर पुरती थांबल्यावरही ते दाबूनच धरलं.

“कुनी लावली ओ?” सिद्रामप्पांनी विचारलं. त्यात राग नव्हता. शेळी कुणाची ओ, असं विचारावं तसं.

“कुणीच नाही लावली, अप्पा.”

हे बोलल्यावर तिला त्या वाक्याचीच भीती वाटली. सिद्रामप्पा उजवा हात धोतराला पुसायला लागले. हाताला काही लागलं नव्हतं. ते पुसतच राहिले, पुढून, मागून, बोटांच्या बेचक्यांतून, आणि पुसता पुसता विहिरीत वाकून बघत म्हणाले, “पक्कड गेली की.”

पाच मिनिटांपूर्वी तिनं या मोटरीला लावलेला डबा तपासणीत उत्तीर्ण केला होता. फोनच्या पडद्यावर बोटानं सही करायची असते; ती सही कधीच आपली वाटत नाही, लहान पोरानं काढलेल्या गांडुळासारखी दिसते, पण कंपनीला चालते. अस्मिता पुण्याच्या कंपनीत होती आणि तिचं काम एवढंच होतं: शेतावरच्या मोटरींना लावलेले, आतल्या बॅटरीवर चालणारे हे पांढरे डबे एका मोबाइल कंपनीच्या नेटवर्कवरून दुसऱ्यावर नीट जातात का, आणि गरज पडली तर परत येतात का, हे बघायचं. शेतकऱ्यानं घरून फोनवर ‘चालू’ दाबलं की डब्याला संदेश जातो आणि डबा मोटर लावतो. पूर्वी अशा डब्यात सिमकार्ड असायचं. रेंज गेली की कुणीतरी जाऊन कार्ड बदलायचं. आता कार्ड नव्हतं, ई-सिम होतं. आतच कथलाचा डाग देऊन बसवलेली एक चिप, नखाएवढीसुद्धा नाही, आणि ती कुठल्या कंपनीची हे पुण्यात बसून ठरवता येत होतं. वरून एक आज्ञा गेली की डबा आपला जुना नंबर सोडून नवा घेतो. नव्या नेटवर्कची रेंज नीट मिळाली नाही तर आपणहून जुन्यावर परततो. लोहाऱ्याच्या या शेतात सकाळी तो तसा गेला होता आणि तसा परत आला होता. तपासणीच्या तक्त्यात सत्तावीस प्रश्न होते. गेला का? हो. आला का? हो. आल्यावर आज्ञा ऐकतो का? हो. दुपारी एकला जिल्ह्यातल्या दोनशे बारा डब्यांना नेटवर्क बदलायची आज्ञा सुटणार होती, आणि ती सुटायला हरकत नाही असं तिच्या त्या गांडुळानं सांगितलं होतं.

तिनं डब्याची नोंद उघडली. मोटर सुरू करायची आज्ञा अकरा वाजून सहा मिनिटांनी मिळाली होती. कुणाकडून, तर तिच्याच फोनवरून. केव्हा पाठवलेली, तर दहा एकोणतीसला. तेव्हा डबा नव्या नेटवर्कवर होता, आणि तो तिथं नीट बसलाय का हे बघायला तिनं ‘चालू’ दाबलं होतं. मोटर लागली नव्हती, कारण तो संदेश डब्याच्या जुन्या नंबरला गेला होता. चूक लक्षात आल्यावर तिनं नव्या नंबरला पाठवला, मोटर लागली, तिनं बंद केली आणि पहिला संदेश विसरून गेली. तो मात्र कुठंतरी वरती थांबून राहिला. डबा जुन्या नंबरावर परतला, त्याला त्याचं राहिलेलं टपाल मिळालं, आणि सांगितल्यासारखं त्यानं केलं. म्हणजे कुणीच लावली नव्हती असं नव्हतं. तिनंच लावली होती. सदतीस मिनिटांपूर्वी, जेव्हा सिद्रामप्पा घरात भाकरी खात होते आणि मोटरीच्या पंख्यावर झाकण होतं.

बिघाड झाला असता तर तिला इतकं वाटलं नसतं. बिघाड बाहेरचा असतो. इथं सगळं बरोबर होतं, प्रत्येकानं आपापलं काम केलं होतं, आणि तरी एक पक्कड माणसाच्या कानाजवळून गेली होती. तिच्या डोळ्यांसमोर दोनशे बारा विहिरी उभ्या राहिल्या. या आठवड्यात दिवसाची लाईट होती, म्हणजे सगळे रानातच असणार. दुपारी एकला डबे नेटवर्क बदलायला लागतील. मोटर लागेना म्हणून माणसं फोनवर जुन्याच नंबराला ‘चालू’ दाबतील, एकदा, दोनदा, चारदा. लागत नाही म्हटल्यावर शिव्या देत मोटरीकडं जातील, झाकण काढतील, वायर सोलतील, हात घालतील. आणि ज्यांची रेंज अर्ध्या तासानं दगा देईल ते डबे गुपचूप जुन्या नंबरावर परततील आणि आपलं साठलेलं टपाल उघडतील.

उशिरा येणारे संदेश तिला माहीत नव्हते असं नाही. तिच्याइतके कुणालाच माहीत नसतील. कंपनीच्या पुण्यातल्या कार्यालयात एक लोखंडी खोली आहे. आत कुठलंच नेटवर्क शिरत नाही, बाहेरच्या गोंगाटाशिवाय डबे तपासता यावेत म्हणून. दोन वर्षांपूर्वी एका मंगळवारी ती त्या खोलीत चार तास होती. फोन बाहेर ठेवायचा नियम होता, तो खिशातच राहिला. दार उघडून बाहेर आली आणि फोन हातात थरथरायला लागला. संदेश आले ते पाठवले त्या क्रमानं नाही. पहिला काकांचा होता: बाबा गेले. मग आईचा: लगेच नीघ. मग परत काकांचा, सोलापूरला हलवतोय. मग आईचा, बाबांच्या छातीत दुखतंय. आणि सगळ्यात शेवटी, ती जिन्यावर बसल्यावर, बाबांचा स्वतःचा. तुळजापूरच्या शाळेत पस्तीस वर्षं मराठी शिकवलेले मार्तंड गुरुजी फोनवरसुद्धा पूर्णविराम देत. फोन लागत नाही. कामात असशील. सावकाश कर. तिच्या वडिलांचा मृत्यू तिनं असा शेवटाकडून सुरुवातीकडं वाचला होता, आणि त्या पाच-सात मिनिटांत प्रत्येक संदेशाबरोबर ते थोडे थोडे जिवंत होत गेले होते. शेवटच्या संदेशात तर त्यांना काहीच झालेलं नव्हतं. तेव्हापासून फोन थरथरला की ती आधी पडदा उलटा धरायची. हे आत्ताचं आहे की मागचं, असा प्रश्न आधी पडायचा. मग नाव दिसायचं. तरीही तक्त्यातल्या सत्तावीस प्रश्नांत हा प्रश्न नाही, हे तिला दिसलं नाही. सत्तावीस वेळा हो लिहिताना आपण कुठं होतो?

गुरुप्रसाद सर तिचे वरिष्ठ. ते फोनवर नेहमीच मऊ बोलत, आणि आत्ताही मऊच बोलले.

“कुणाला लागलं का?”

“नाही. थोडक्यात वाचले.”

“मग आधी पाणी पी. अगं, संदेश उशिरा मिळाला तर तो किती जुना आहे हे डब्यानं बघायला पाहिजे, ते पुढच्या आवृत्तीत आहेच. पण असं होणं अगदी दुर्मीळ. मी इथं बसून करून बघितलं, होत नाही.”

“सर, एकचं थांबवा.”

“कशावर थांबवू? तुझा अहवाल उत्तीर्ण म्हणतोय. सहीसुद्धा तुझीच आहे. मी वर काय सांगू, एकदा झालं म्हणून?” मग, “परत करून दाखव. एकदा परत झालं की मी थांबवतो. शब्द देतो.”

त्यांचा आवाज इतका समजूतदार होता की तिला एक क्षण वाटलं, आपलंच काहीतरी चुकलं असेल. लहानपणी ती गॅस बंद केला का हे बघायला तीन-तीनदा स्वयंपाकघरात जायची आणि आई म्हणायची, तुझ्या मनाचे खेळ आहेत. कदाचित तसंच असेल.

सिद्रामप्पांनी फ्यूज काढले, स्टार्टरपासून मोटरीची वायर सोडवली आणि फ्यूज परत बसवले. आता आज्ञा आली तर मोटर फिरणार नव्हती, नुसता स्टार्टर खट् करून ओढला जाणार होता. तिनं डबा नव्या नेटवर्कवर नेला. जुन्या नंबरला ‘चालू’ पाठवलं. दहा मिनिटांनी डबा परत आणला आणि दोघं स्टार्टरच्या पेटीसमोर बसले. काही झालं नाही. पाच मिनिटं, दहा मिनिटं. पाठवलेला संदेश आलाही नाही आणि परतही गेला नाही. कुठं होता कोण जाणे. तिनं दुसऱ्यांदा सगळं केलं. पुन्हा काही नाही. हिरवा दिवा शांतपणे लुकलुकत होता, आणि तिला त्या शांतपणाची अशी दहशत बसायला लागली की ती त्याच्याकडं बघेना. आता तर दोन संदेश वर होते. ते कधी येतील याला काही अटकाव नव्हता. संध्याकाळी येतील, उद्या येतील, ती पुण्याला गेल्यावर, अप्पांनी मोटर परत जोडल्यावर येतील. आपण आयुष्यात किती ठिकाणी असं बोट ठेवलं असेल आणि पुढं निघून आलो असू, असं तिच्या मनात आलं.

“ताई, तुमी लई भेलाव,” सिद्रामप्पा म्हणाले. “माजा हात हाय की जाग्यावर.”

“हो, अप्पा.”

“मग?”

त्यांचा हात जागेवर आहे ही गोष्ट शेळीमुळं घडली होती. शेळी पाच सेकंद उशिरा ज्वारीत शिरली असती तर तो हात नसता. एवढ्या मोठ्या कारभारात, आकाशातून नंबर बदलणाऱ्या त्या चिपांत, सत्तावीस प्रश्नांत आणि उत्तीर्ण शब्दात, माणसाच्या हाताची काळजी फक्त एका शेळीनं घेतली होती, आणि तीसुद्धा चुकून. सिद्रामप्पांच्या उजव्या अंगठ्याच्या नखाला जुनी खाच होती, तळव्याला घट्टे होते. ते मातीचं ढेकूळ हातात फोडत बसले होते आणि तिची नजर तिथून निघत नव्हती. पाच बोटं. ती आहेत ही गोष्ट तिला आता आपोआप खरी वाटत नव्हती. दर वेळी नव्यानं बघून खात्री करावी लागत होती.

सव्वाबाराला तिनं तिसऱ्यांदा सुरुवात केली आणि या वेळी सकाळी झालं होतं तस्सं करायचं ठरवलं. सकाळी डबा अर्ध्या तासाच्या वर नव्या नेटवर्कवर होता. घाई करायची नाही. ‘चालू’ पाठवलं आणि ती थांबली. एकची वेळ अशी जवळ येत असताना काहीही न करता बसणं तिला आयुष्यात कधी इतकं अवघड गेलं नव्हतं. दर मिनिटाला वाटे, आता आणूया परत. बोट पडद्यावर जाई आणि मागं येई. सिद्रामप्पांनाही आता स्टार्टरकडं पाठ करून बसवत नव्हतं, हे तिच्या लक्षात आलं. शेळी त्यांनी बांधून टाकली होती. बारा अठ्ठेचाळीसला तिनं डबा परत आणला. हिरवा दिवा विझला, लागला, विझला. परत लागला. ज्वारीतून वारं गेलं. तिला वाटलं, नाहीच होणार. आणि तिला भयंकर हे वाटलं की, न झालं तर बरं, असं आतून कुणीतरी म्हणालं. न झालं तर सही खरी ठरेल, न झालं तर ती वेडी ठरेल आणि संध्याकाळच्या एसटीनं आईकडं तुळजापूरला जाऊन झोपेल.

खट्.

स्टार्टर ओढला गेला होता. मोटरीची सोडवलेली वायर मातीत तशीच पडून होती. सिद्रामप्पा दोन पावलं मागं सरले. “आलं,” ते दबक्या आवाजात म्हणाले, बिळातून काहीतरी बाहेर यावं तसं. लगोलग दुसऱ्यांदा नोंद झाली, मग तिसऱ्यांदा. सकाळपासूनचे सगळे संदेश, एकामागं एक.

सरांनी शब्द पाळला. नोंद बघितल्याबरोबर त्यांनी एकची आज्ञा रोखली. पण फोन ठेवायच्या आधी ते घुटमळले आणि तिला कळलं की अजून काहीतरी आहे.

“पहिले दहा आम्ही साडेबारालाच सोडले. नमुना म्हणून. तुझा अहवाल होता म्हणून.”

“यादी पाठवा.”

“आम्ही इथून करतो फोन, तू—”

“सर, यादी पाठवा.”

दहा नावं, दहा नंबर. गावं उमरग्यापासून भूमपर्यंत पसरलेली. तिनं एकेक लावायला सुरुवात केली. ती मोजकंच बोलली: मोटरीला हात लावू नका, आधी फ्यूज काढा, बाकीचं मागून सांगते. एकानं विचारलं, तुम्ही वीज कार्यालयातून का. एक म्हणाला, मोटर बंदच आहे, मी लग्नाला आलोय. एका सूनबाईनं सगळं नीट ऐकून घेतलं आणि परत म्हणून दाखवलं. सहा झाले, आठ झाले, नऊ झाले. दहाव्या नंबरावर घंटी वाजत राहिली. नाव होतं बलभीम, गाव भूमच्या पलीकडचं. तिनं नोंद बघितली. या डब्याच्या जुन्या नंबरावर बारा चाळीस ते बारा पन्नासमध्ये पाच वेळा ‘चालू’ आलं होतं. पाच वेळा दाबून माणूस वैतागला होता आणि मग त्यानं दाबणं सोडलं होतं. म्हणजे तो उठून गेला होता. डबा अजून नव्या नेटवर्कवर दिसत होता, पण रेंजची काठी एकच होती, तीही जात-येत.

परत लावला. वाजत राहिला. तिसऱ्यांदा एका बाईनं उचलला.

“बलभीमकाका आहेत का?”

“न्हाईत. मी तुळजाबाई. फोन हितंच ठिवून गेल्यात मोटरीकडं. लागंना म्हनून गेल्यात. वायर बगतो म्हनले.”

“मोटर किती लांब आहे?”

“ह्ये काय, तुरीच्या पल्याड.”

“मावशी, पळा. फोन हातात घेऊन पळा. त्यांना म्हणावं हात काढा. वायरीला हात लावू नका. पळा, मावशी.”

तुळजाबाईंनी का म्हणून विचारलं नाही. फोनमध्ये एकदम वारा शिरला, मग बांगड्यांचा आवाज, मग तुरीच्या शेंगा पायांना लागून वाजतात तो खुळखुळाट, जवळ, खूप जवळ, जणू अस्मिताच त्या तुरीतून धावत होती. बाईंना दम लागला होता. “आवं,” त्या ओरडल्या, “आवं, हात काढाऽ.” उत्तर आलं नाही. अस्मिताच्या दुसऱ्या हातातल्या कंपनीच्या फोनच्या पडद्यावर बलभीम यांच्या डब्याची खूण नव्या नेटवर्कवरून गेली. कुठंच दिसेना. मग जुन्या नंबरावर उगवली. सिद्रामप्पांनी तिचा दंड धरला होता हे तिला पुष्कळ नंतर कळलं. फोनमधला खुळखुळाट थांबला. श्वास, नुसता श्वास. ती तो आवाज ऐकायला थांबली जो तिला ऐकायचा नव्हता, आणि मध्ये किती वेळ गेला हे नोंदीत नाही.

“काय गं, काय झालं आरडायला?” लांबून एक वैतागलेला पुरुषी आवाज.

“फोन हाय. हात काढा म्हनत्यात.”

फोन हातातून हातात गेला. “कोन बोलतंय?”

“काका, हात कुठं आहे तुमचा?”

“आँ? वायरीवर. सोलून जोडायलो. का?”

“सोडा ती. आधी सोडा. डब्यात आज्ञा आलीये, मोटर लागेल.”

“व्हय, आत्ता मगाशी टक् टक् झालं की डब्यात. चार-पाच डाव.” बलभीम यांना त्याचं काही विशेष वाटलेलं दिसलं नाही. “लागंल कशी पन? फ्यूज माज्या खिशात हायती. मी हात घालायच्या आदी फ्यूज काडत असतो. त्या डब्यावर माजा भरवसाच न्हाय. बसवला त्या दिवसापास्नं न्हाय.”

अस्मिता खाली बसली. मातीवर, स्टार्टरच्या पेटीसमोर, पाय पोटाशी घेऊन. सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. पण टक् टक् झालं की, हे शब्द आत कुठंतरी वाजत राहिले. पाच वेळा आलं होतं ते. वायर हातात असताना आलं होतं.

“तुमी कोन म्हनला?” बलभीम यांनी विचारलं.

“अस्मिता. तो डबा तपासणारी. तो नीट चालतो म्हणून सही मीच केलीये.”

तुळजाबाईंचा दम अजून बसला नव्हता, तो तेवढा ऐकू येत होता.

“बरं,” बलभीम म्हणाले. “मग तुमचा तरी हाय का भरवसा त्येच्यावर?”

सकाळपासून सत्तावीस प्रश्न तिला विचारले गेले होते. हा त्यांच्यात नव्हता. तिनं सिद्रामप्पांच्या हाताकडं पाहिलं.

“न्हाय, काका.”

“मग बरं झालं इचारलं,” ते म्हणाले, आणि फोन तोंडापासून लांब नेऊन बायकोला म्हणाले, “हे धर. पदराला बांध. मी मागितलं तरी आज देऊ नको.” चिनी मातीचे तीन फ्यूज एकमेकांवर वाजले. फोन चालूच राहिला होता. अस्मितानं तो कानाला लावूनच ठेवला, गाठ मारून होईपर्यंत.